रस्ता कुणाचा, खांदा कुणाचा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

आमचे तामलवाडी सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर, साधारण निम्म्या वाटेवर आहे. एरवी या रस्त्यावर ट्रक, एसटी आणि टोलनाका यापलीकडे पाहण्यासारखे फारसे काही नाही. पण कोजागरी पौर्णिमा जवळ आली की हा रस्ता वाहनांचा राहत नाही, पायांचा होतो. सोलापुरातून, कर्नाटकातल्या गावांतून माणसे चालत तुळजापूरला निघतात. कुणी अनवाणी, कुणी पोर कडेवर घेऊन. रात्रभर ‘आई राजा उदो उदो’ चालू असते. गावची माणसे रस्त्याकडेला चहा, केळी, खिचडी घेऊन उभी राहतात. लहानपणी मला वाटायचे, हे असे कायमच चालत आले असणार. रस्ता आहे, देवी आहे, माणसे चालणारच.

पुढे इतिहास वाचायला लागलो तेव्हा समजले, की रस्त्यावरून देवाच्या नावाने चालणे ही इतकी साधी गोष्ट नाही. आमचे गाव निजामाच्या मुलखात होते आणि सोलापूर इंग्रजांच्या. मधे सरहद्द. निजामाच्या राज्यात सभा घ्यायची तर परवानगी लागे. ‘गश्ती निशाण ५३’ हा शब्द मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडी परवापरवापर्यंत होता. धार्मिक मिरवणुकांवर, नवी देवळे बांधण्यावर निर्बंध होते. १९३८ च्या डिसेंबरात सोलापुरात लोकनायक बापूजी अणे यांच्या अध्यक्षतेखाली आर्य समाजाची परिषद भरली आणि पुढच्या वर्षी हैदराबाद संस्थानात जो सत्याग्रह झाला, त्याच्या मागण्यांमध्ये मिरवणुकीचे स्वातंत्र्य ही एक मागणी होती. त्यासाठी हजारो माणसे तुरुंगात गेली. तेव्हापासून मला एक सवय लागली आहे. कोणत्याही गावात मिरवणूक पाहिली की मी दोन प्रश्न मनाशी विचारतो. हा रस्ता यांना कुणी दिला? आणि खांदा द्यायचा मान कुणाचा आहे?

आज मी ज्या मिरवणुकीविषयी बोलणार आहे, ती आपल्या भागातली नाही आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या धर्मातलीही नाही. पण हे दोन्ही प्रश्न तिला जितके लागू पडतात, तितके क्वचितच दुसऱ्या कुठल्या मिरवणुकीला पडत असतील. ती निघते गोव्यात, गोवा वेल्हा या गावी. पणजीहून मडगावला जाताना, जुवारी नदीच्या अलीकडे हे गाव लागते. जुने गोवे, म्हणजे जिथे झेवियरचे शव आहे ते, निराळे. गोवा वेल्हा त्याहूनही जुने. कदंबांची गोपकपट्टण ही राजधानी या परिसरात होती. तिथल्या संत आंद्रे यांच्या चर्चमधून दरवर्षी उपवासकाळातल्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारच्या आधीच्या सोमवारी, संतांची मिरवणूक निघते. कोकणीत तिला ‘संतांचें पुर्सांव’ म्हणतात. पुर्सांव हा पोर्तुगीज शब्दाचा कोकणी अवतार आहे.

मी एका वर्षी मुद्दाम गेलो होतो. मार्च अखेरचे दिवस. किनाऱ्यावरची घामट दुपार. चर्चभोवती जत्रा भरलेली. चणे, खाजे, खेळणी आपल्याकडच्या जत्रेसारखीच. पण डोळ्यांत भरतात ते हातपंखे. या जत्रेची ती खासियत आहे. रंगीत, झालरी लावलेले पंखे ढिगाने विकायला येतात आणि जो तो एक तरी घेऊन वारा घेत बसतो. उन्हाळा लागला, पंखा घेण्याची वेळ झाली, हे सांगणारी ही जत्रा. आपल्याकडे अक्षय्य तृतीयेला माठ आणि पंखा दान देतात, त्याची आठवण झाली.

उघड्यावर मिस्सा झाली आणि ऊन उतरल्यावर मूर्ती बाहेर येऊ लागल्या. एकेक मूर्ती माणसाच्या उंचीची, खऱ्या कापडाचे कपडे घातलेली, लाकडी आंदोरावर उभी केलेली. आंदोर म्हणजे खांद्यावर न्यायची चौकट. आपल्या पालखीचे दांडे असावेत तसे तिचे दांडे असतात. चार-सहा माणसे खाली. अशा तीसच्या आसपास मूर्ती, एकामागून एक. ढोल नाही, फटाके नाहीत, गुलाल नाही. उपवासकाळातली मिरवणूक असल्याने ती शोकाची आणि प्रायश्चित्ताची. दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती, आणि त्या माणसांच्या डोक्यांवरून हे संत हलत हलत पुढे सरकतात. माझ्या शेजारी कपाळाला कुंकू लावलेल्या दोन बाया हात जोडून उभ्या होत्या. त्यांना मी विचारले नाही, पण गोव्यात याचे कुणाला आश्चर्य वाटत नाही.

हे संत कोण, हे मला आधी ठाऊक नव्हते. मला वाटले, सगळे संन्यासी, बिशप, हुतात्मे असतील. पण ही मिरवणूक सुरू केली ती फ्रान्सिस्कन पंथाच्या ‘तिसऱ्या संघा’ने. असिसीच्या फ्रान्सिसने १३ व्या शतकात तीन वाटा घालून दिल्या. पहिली पुरुष संन्याशांची, दुसरी जोगिणींची आणि तिसरी घर न सोडणाऱ्यांची. बायको-पोरे, शेतीवाडी, व्यापार सगळे सांभाळायचे आणि त्यातच साधेपणाचा, प्रार्थनेचा नेम पाळायचा, अशी ही तिसरी वाट. फ्रान्सचा राजा नववा लुई हा या वाटेचा मानलेला संत. हंगेरीची राजकन्या एलिझाबेथ, जी विशीत विधवा झाली आणि रोग्यांच्या सेवेत गेली, तीही. कोर्तोनाची मार्गारेट तर लग्नाविना आई झालेली बाई. तिला पुढे लोकांनी संत केले. प्रपंचात राहून परमार्थ, हे आपल्याला कुणी नव्याने समजावून सांगायची गरज नाही. गळ्यात तुळशीची माळ घालून पेरणी करणारा वारकरी ज्याने पाहिला आहे, त्याला तिसरा संघ लगेच कळतो. म्हणून मी या मिरवणुकीला गृहस्थाश्रमी संतांची दिंडी म्हणतो. पाद्र्यांना हे नाव आवडेल की नाही, सांगता येत नाही.

गोवा वेल्ह्याजवळच्या पिलारच्या टेकडीवर फ्रान्सिस्कनांनी १६१३ मध्ये मठ बांधला. तीनच वर्षांनी, १६१६ मध्ये, नदीपलीकडे राशोलला फादर स्टीफन्सचे क्रिस्तपुराण छापून झाले. मराठी ओवीतले ते पुराण आपल्याला शाळेत कळते. पण त्याच काळात, जवळजवळ समोरासमोर, दुसरा एक पंथ पुस्तकाऐवजी मूर्तींनी आणि पावलांनी लोकांपर्यंत जाण्याचा विचार करत होता, हे सहसा लक्षात येत नाही. ज्याला वाचता येत नाही त्यानेही पाहावे, ही त्यामागची दृष्टी. १७ व्या शतकात सुरू झालेल्या या मिरवणुकीत साठाहून अधिक मूर्ती असत, असे सांगतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. गोव्यात कुणालाही विचारा, ‘अशी मिरवणूक रोम सोडले तर जगात फक्त इथेच निघते’ असे अभिमानाने सांगतील. वर्तमानपत्रेही दरवर्षी हे वाक्य छापतात. ते खरे नाही. तिसऱ्या संघाच्या अशा मूर्तींच्या मिरवणुका पोर्तुगालात आणि ब्राझीलमध्ये ठिकठिकाणी निघत. पोर्तुगालात ओव्हार आणि माफ्रा या गावी त्या आजही उपवासकाळात निघतात. गोवा वेल्ह्याची मिरवणूक त्याच कुळातली. आशियात तिला जोड सापडणे अवघड, एवढे म्हटले तरी पुरे आहे. एखाद्या गोष्टीचे मोठेपण ती एकमेव असण्यात असते, असे आपल्याला का वाटते कोण जाणे.

त्या शतकातल्या गोव्यात रस्त्यावरून चालणारे सगळेच भक्तीने चालत नव्हते. शार्ल देलों नावाचा एक फ्रेंच वैद्य दमणला असताना १६७३ मध्ये इन्क्विझिशनने पकडला. मूर्तींविषयी आणि बाप्तिस्म्याविषयी तो काही तरी वेडेवाकडे बोलला, हा त्याचा गुन्हा. त्याला गोव्याच्या तुरुंगात, आदिलशहाच्या जुन्या वाड्यात बसवलेल्या त्या कचेरीत, सुमारे दोन वर्षे ठेवले. मग १६७६ च्या जानेवारीत शिक्षा सुनावण्यासाठी सगळ्या कैद्यांची मिरवणूक काढली. हातात मेणबत्ती, अंगात गुन्ह्याची खूण असलेला झगा, पाय अनवाणी. शहरभर फिरवून त्यांना नेले ते संत फ्रान्सिसच्या चर्चमध्ये. सुटल्यावर देलोंने फ्रान्सला जाऊन हे सारे लिहिले आणि १६८७ मध्ये ते पुस्तक निघाले. म्हणजे एकाच मुलखात दोन मिरवणुका. एक स्वतःच्या पापाबद्दल स्वतःहून काढलेली, दुसरी दुसऱ्याने ठरवलेल्या पापाबद्दल बळजबरीने काढलेली. रस्त्याकडेला पाहणारी माणसे मात्र बहुधा तीच.

आणि काहींना तर कोणत्याच मिरवणुकीची मुभा नव्हती. १५६७ मध्ये गोव्यात भरलेल्या धर्मपरिषदेने हिंदूंचे सण, मिरवणुका, लग्नाचे विधी पोर्तुगीज हद्दीत उघडपणे होऊ नयेत, अशी मागणी केली आणि तसे हुकूम निघाले. तिसवाडीतली, साष्टीतली देवळे पाडली गेली. कुठ्ठाळीचा मंगेश जुवारी ओलांडून प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. देव गेले ते रात्री, होडीतून, गुपचूप. वाजतगाजत जाण्याचा तो काळ नव्हता. संतांच्या मिरवणुकीला रस्ता मोकळा मिळाला तो याच राजवटीत, हे सांगितल्याशिवाय या मिरवणुकीची गोष्ट पुरी होत नाही. ज्यांनी ती सुरू केली त्यांची भक्ती खरी होती, हेही तितकेच खरे.

यातली एक कहाणी मला विशेष महत्त्वाची वाटते. साष्टीत कुंकळ्ळी म्हणून गाव आहे. १५८३ च्या जुलैत तिथल्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना मारले. त्यांत अकबराच्या दरबारी राहून आलेला रुडॉल्फ अक्वाव्हिवा होता. पोर्तुगिजांनी गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि तिथे कापून काढले. गावची देवी शांतादुर्गा डोंगरापलीकडे फातर्प्याला हलवली गेली. पण वर्षातून एक दिवस, शिगम्यात, ती पालखीत बसून कुंकळ्ळीला माघारी येते. बारा वांगडांच्या, म्हणजे बारा गावकरी कुळांच्या, बारा रंगांच्या छत्र्या तिच्याबरोबर असतात, म्हणून या मिरवणुकीला छत्र्यांचा उत्सव म्हणतात. त्या कुळांपैकी अनेकजण आज ख्रिस्ती आहेत, आणि तेही देवीच्या स्वागताला असतात. गोव्यात हा शिगमा आणि ख्रिस्ती उपवासकाळ जवळपास एकाच ऋतूत येतात. एकाच उन्हात, थोड्या दिवसांच्या अंतराने, एका बाजूला संत निघतात आणि दुसऱ्या बाजूला हद्दपार झालेली देवी घरी येते. मला विचाराल तर ज्याला गोवा समजून घ्यायचा आहे, त्याने दोन्ही पाहाव्यात.

आता गंमत अशी की ज्या पोर्तुगालने या मिरवणुकीला रस्ता दिला, त्यानेच तिचा कणा मोडला. १८३४ मध्ये लिस्बनला उदारमतवाद्यांचे सरकार आले आणि त्याने सगळे मठ, सगळे संन्यासी पंथ एका फर्मानाने बरखास्त केले. पुढच्या वर्षी तो हुकूम गोव्यात लागू झाला. साधू निघून गेले, मठांची मालमत्ता सरकारजमा झाली. पिलारचा मठ ओस पडला. जुन्या गोव्यात संत ऑगस्टिनच्या प्रचंड चर्चचे छप्पर १८४२ मध्ये कोसळले. त्याचा उरलेला मनोरा आजही उभा आहे. मूर्ती कुठे गेल्या, किती मोडल्या, किती विकल्या गेल्या, कोण हिशेब ठेवणार? मिरवणूक बंद पडली.

ती पुन्हा सुरू झाली ती १९ व्या शतकाच्या अखेरीस, आणि या खेपेला मठातून नव्हे, गावच्या चर्चमधून. माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. ज्यांनी सुरू केली ते नव्हते. ज्या राज्याने जोर दिला होता त्याला आता तिचे काही पडले नव्हते. तरी गोवा वेल्ह्याच्या लोकांनी राहिलेल्या मूर्ती गोळा केल्या, कमी पडल्या तिथे नव्या मिळवल्या आणि रस्त्यावर आणल्या. साठाच्या जागी निम्म्या झाल्या, पण निघाल्या. १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीज सत्ताही गेली. त्यानंतरच्या उपवासकाळापासून ही मिरवणूक भारतातली मिरवणूक झाली. आज महामार्गावर पोलिस उभे राहून तिच्यासाठी वाहतूक वळवतात, जशी कोजागरीला आमच्या रस्त्यावरची वळवतात.

राहिला खांद्याचा प्रश्न. गोव्यात प्रत्येक चर्चला ‘कोन्फ्रारी’ नावाची मंडळे असतात. सण साजरा करणे, मिरवणुकीत रंगीत झगा घालून पुढे चालणे, हा त्यांचा मान. आणि हा मान पिढ्यान्‌पिढ्या जातीवर ठरला. धर्म बदलला तरी बामण, चाड्डो, शूद्र ही नावे टिकली; कुठली कोन्फ्रारी कोणाची, कोणी कोणत्या रंगाचा झगा घालायचा, कोणी पुढे चालायचे, यावरून गावागावांत तंटे झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. देव सर्वांसाठी होता, पण दांडा सर्वांसाठी नव्हता. यावर आपण नाक मुरडायचे कारण नाही. आपल्याकडची मानकऱ्यांची भांडणे कोणत्या जत्रेला चुकली आहेत? मात्र आमच्या तुळजापूरची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला भवानीची मूर्ती ज्या पालखीत बसते ती नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून येते आणि तिचा मान तेली समाजाकडे आहे. देवी मग पलंगावर निद्रा घेते, तो पलंगही नगरच्या वाटेनेच आलेला असतो. म्हणजे देवी आमच्या जिल्ह्याची आणि खांदा दुसऱ्या जिल्ह्यातल्या कष्टकऱ्यांचा. मान वाटला जातो तेव्हा रस्ता लांब होतो, हे त्या पालखीकडे पाहून कळते.

२०२० साली संतांच्या मिरवणुकीचा सोमवार ३० मार्चला आला. टाळेबंदी लागून आठवडाही झाला नव्हता. निजाम नव्हता, इन्क्विझिशन नव्हते, तरी रस्त्यावर कुणालाच येता येणार नव्हते. तीन महिन्यांनी आपल्या पादुका एसटीच्या लालपरीत बसून पंढरपूरला गेल्या. ते दृश्य दूरदर्शनवर पाहताना मला गोवा वेल्ह्याच्या मूर्ती आठवल्या. संत एका वर्षी रस्त्यावर आले नाहीत म्हणून त्यांचे काही बिघडत नाही. पण त्या सोमवारी पंखा विकणाऱ्याचे काय झाले असेल?

शेवटी आपल्या मुलखात परत येऊ. मराठवाड्यातले बरेच ख्रिस्ती लोक सप्टेंबरात नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूरजवळच्या हरेगावला जातात. ८ सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिन. त्याच्या सुमाराला तिथे मतमाउलीची यात्रा भरते. हरेगाव हे जुने साखर कारखान्याचे गाव. यात्रा सुरू झाली ती स्वातंत्र्याच्या आगेमागे. मतमाउली हे नाव मुंबईच्या वांद्र्याच्या मोतमाउलीशी नाते सांगते. कोळी लोकांनी तिला दिलेले ते नाव. आधी नऊ दिवस नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना चालते, आणि लांबलांबून माणसे येतात, काही गटागटाने चालतही. गाणी मराठी, नवस मराठी, आणि ‘माउली’ हा शब्द आळंदी-पंढरीच्या वाटेवरचा.

पण गोवा वेल्हा आणि हरेगाव यांत एक मोठा फरक आहे. नगर जिल्ह्यात १९ व्या शतकाच्या अखेरीपासून, दुष्काळाच्या वर्षांत, जेझुइट पाद्र्यांकडे जे लोक आले, ते बहुतेक महार आणि मांग वस्त्यांतले होते. गावच्या मुख्य रस्त्यावरून नवरदेवाची वरात न्यायलाही ज्यांच्या आजोबा-पणजोबांना बंदी होती, ती ही माणसे. गोव्यात मिरवणुकीला रस्ता दिला तो राजाने. हरेगावच्या वाटेवर चालणाऱ्यांच्या मागे कुणी राजा नव्हता. त्यांच्या हाती होती ती फक्त देव्हाऱ्यातली एक प्रतिमा आणि घटनेने दिलेला चालण्याचा हक्क.

एकदा एसटी स्टँडवर हरेगावला निघालेला असाच एक गट मला भेटला होता. नवी पातळे नेसलेल्या बाया, पोरांच्या हातात खाऊच्या पिशव्या. मी तामलवाडीचा म्हटल्यावर त्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईने लगेच ओळख काढली. म्हणाली, “तुमच्या गावावरून तर तुळजापूरला चालत गेलेय की मी बाबा, लगीन व्हायच्या आधी.” आणि मग गाडी लागली म्हणून ती गडबडीने उठली.